देव्हाऱ्यातली माती

"सर गेले," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. सर म्हणजे सांगलीतले माझे पीएचडीचे मार्गदर्शक, काकू त्यांच्या पत्नी. मी तेव्हा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत होते. खूप रडले. रडून झाल्यावर पहिला विचार आला तो जिवाणूंचा, आणि सरांना तो योग्यच वाटला असता.

हे जिवाणू आम्ही सांगलीजवळच्या क्षारपड रानातून वेगळे केले होते. मिठानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीतही त्यांच्या मदतीनं ऊस मूळ धरतो. माझं सगळं संशोधन त्यांच्यावर उभं होतं आणि ते देशाबाहेर नेता येत नव्हते. सर दवाखान्यात असताना सुट्ट्यांमध्ये प्रयोगशाळेचा फ्रीझर बंद पडला आणि आतलं सगळं मेलं. सर तेव्हा बोलण्याच्या पलीकडे गेलेले... आणखी कुठे ठेवलेत का, हे विचारणार तरी कुणाला?

सर मूळचे औंधचे, देवीच्या डोंगराच्या पायथ्याचे. वर्गात इंग्रजी, पण प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की गावची भाषा. "अगं, इरजण एकाच घरात ठिवत्यात व्हय? शेजारी बी द्यायचं. आपलं नासलं तर मागाय येतं." मी जर्मनीला निघाले तेव्हाही हेच ऐकवलं होतं.

परतले ती थेट उंब्रजला, आईकडे. दारातच तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग देव्हाऱ्यातली काचेची नळी आणून चिमूटभर राखाडी पूड माझ्या कपाळाला लावली. "तुज्या सरांनी दिलेला अंगारा. औंधला जाताना उतरलं हुतं. म्हनलं, पोरीचं हाय, जपून ठिवा. रोज तुज्या फोटूला लावते."

नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा होता, आमच्या प्रयोगशाळेत करतात तसा.

"आई, अंगारा म्हणाले का सर?"

"तसं न्हाई म्हनलं. पन औंधचा मानूस आनखी काय दील?"

माती भाजून निर्जंतुक करायची, तिच्यात जिवाणू सुकवून ठेवायचे, की ते वर्षानुवर्षं तग धरतात, ही सरांची जुनी पद्धत. पण ही नळी रोज उघडलेली, हात लागलेली. आणखी नळ्या आहेत का, एवढंच विचारता आलं.

"दोन हायत की. ही सरल्यावर उघडनार हुते."

मी देव्हाऱ्यासमोर खालीच बसले.

सांगलीला जाऊन त्यातली एक उघडली, आणि दोन दिवसांत काचेच्या ताटलीत तेच ओळखीचे सायीसारखे ठिपके उमटले. ताटली घेऊन मी काकूंकडे गेले. "म्हंजी शेजार उंब्रजचा निवडला व्हय ह्यांनी," म्हणत त्या हसल्या. सरांचे हाल संपले, सुटले बिचारे, असं जो तो म्हणत होता. मला ते त्या दिवशी पटलं. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

वापरातली नळी मात्र आई देत नाही. त्यात देवीचं काही नाही, जिवाणू आहेत, हे मी नीट समजावून सांगितलं. "आसू दे की," ती म्हणाली, "सरांनी दिलंय न्हवं?" परवा फलटणला मुलाखतीला निघाले तेव्हा ती चुलीपाशी कामात होती. मी उंबऱ्यात थांबले, तिला हाक मारली आणि कपाळ पुढे केलं.