दोन दाण्यांचा पंजा

वहिनींनी खानापूरकडच्या आपल्या माहेराहून मातीची एक वरात आणली होती. नवरा, घोडा, वाजंत्री, सगळे बाहुले वीतभर उंचीचे. ती त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवली होती आणि ते त्याच वर्षी वारले होते. गणेशचवथीला महिना असताना बाहुल्यांची पेटी माळ्यावरून उतरवताना माझ्या हातून सनईवाला पडला. त्याच्या उजव्या पंजाचा भुगा झाला. मी तेव्हा तिशीतला, जाणता माणूस होतो. तरी मांजराने पाडला, असे सांगून मोकळा झालो. यंदा गणपतीपुढे वरात मांडायची नाही, एवढे म्हणून वहिनींनी बाहुला पेटीत घालून कुलपात ठेवला.

ते कुलूप मला सोसवेना. चवथीच्या आत नवा पंजा करायचा, असे मी मनाशी ठरवले. पेटी बंद होण्यापूर्वी मी त्याचा शाबूत राहिलेला डावा पंजा मोजला होता. टोकाला टोक लावून भाताचे दोन दाणे. मोजून झाल्यावर ते दाणे कोंबड्यांपुढे टाकले.

काळी नदीची माती आणली. तेवढी बारीक बोटे माझ्या हातांना वळेनात, म्हणून पंजा दुप्पट मोठा घडवून भाजला. त्यावर ओली माती दाबून साचा घेतला. माती वाळताना आणि भाजताना आक्रसते. त्यामुळे त्या साच्यातून निघालेला पंजा आधीच्याहून लहान झाला. मग त्याचा साचा, त्यातून पुन्हा पंजा. दर खेपेस बोटांमधल्या रेषा बुजत, त्या मी करवंदीच्या काट्याने कोरून काढी. गोठ्यातल्या सुपातले दोन दाणे लावून पाहिले, तर तिसरा पंजा मोठा भरला, तो गोठ्याच्या फळीवर टाकला. चौथा बरोबर दोन दाण्यांचा झाला.

तेवढ्यात शेण भरायला वहिनी गोठ्यात आल्या. हातातला पंजा आणि त्याला लावलेले दोन दाणे लपवायला मूठ मिटायलाही मला उशीर झाला. त्या घरात गेल्या आणि बाहुला घेऊन आल्या. त्याच्या मनगटाशी माझा पंजा धरला, तर तो तान्ह्या मुलाचा दिसला. वहिनींनी सुपातला दाणा उचलून पाहिला.

"भावजी, ह्यो कुमरीचा दाणा हाय. आखूड असतोय."

खरेच होते. पहिले माप खाचरातल्या भाताचे होते. दुसरे, डोंगरावर रान जाळून केलेल्या कुमरीच्या भाताचे.

मग बाहुल्याकडेच पाहत त्या म्हणाल्या, "आनि मांजार काय दाणे मोजीत बसत न्हाई."

बाहुला पडला तेव्हा मांजर चुलीपाशी त्यांच्याजवळच निजले होते, हे त्यांनी नंतर सांगितले. मी म्हणालो, "पाडला मी." एवढे दोन शब्द बोलायला मला जवळजवळ महिना लागला होता.

मग फळीवरचा तिसरा पंजा आठवला. तो लावला आणि सनई बोटांत अशी बसली, जणू ती तिथून कधी सुटलीच नव्हती. वहिनी हसल्या. मी लहान मुलासारखा उडी मारायचा तेवढा राहिलो.

चवथीला वहिनींचे यजमान, म्हणजे माझे दादा, कॅसलरॉकहून आले. त्यांच्यासमोर आणि जमलेल्या गावासमोर मी सारे सांगितले. लोकांनी वरात निरखली. सनईवाल्याचा नवा पंजा उजवा की डावा, हे एकालाही ओळखता आले नाही.

स्वतःला तपासतो तेव्हा जाणवते की त्या दिवशी कबुलीपेक्षा मला पंजाचाच अभिमान अधिक वाटला, आणि आजही तो ओसरलेला नाही. वहिनी मात्र दर वर्षी सनईवाल्याला घोड्याच्याही पुढे उभा करतात, उजवा हात बघणाऱ्याकडे वळवून.