छातीवर मशीन आणि मी खाटेवर

मित्रहो, नांदुऱ्याच्या ईसीजीत माझे ठोके अनियमित आले होते. मग दिवसभर छातीला मशीन लावलं, तर तो रिपोर्ट स्वच्छ. खरं काय मानावं?

आज डॉक्टरांनी विचारलं, "मशीन लावून काय काय केलं?"

आमची ही म्हणाली, "म्या यायले खाटीवरून उठूच देलं नाही. मशीन बिघडली असती तं?"

डॉक्टर हसले. "काकू, रोजची कामं करू द्यायची होती."

शाळेत कविता म्हणताना ताल चुकला, की गुरुजी पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत. तसंच आता. उद्या पुन्हा मशीन लावून मळ्यात जाणार, मोठ्यानं कविता म्हणणार. ठोका कुठं चुकतो, ते शोधणारच.

तुमच्यापैकी कुणी असंच झोपून तपासणी केली का?