ती बातमी आम्ही दाखवली नव्हती

आधीच सांगते, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. घरात सत्यनारायण झाला तर मी प्रसादापुरती असते. त्यामुळे "ताई, तुमच्यावर देवाची कृपा होती" अशा कमेंट करणार असाल तर कृपया टाकू नका. इथे लिहितेय कारण या ग्रुपवर लोक निदान शेवटपर्यंत वाचतात. ऑफिसात मला शेवटपर्यंत बोलू दिलं नव्हतं.

केबलवरच्या लोकल न्यूज चॅनेलचे दिवस. पुण्यात तेव्हा अशी दोन-तीन चॅनेल होती. आमचं ऑफिस स्वारगेटजवळ एका जुन्या कमर्शियल बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर होतं. खिडकी उघडली की एसटीच्या अनाउन्समेंट स्टुडिओत ऐकू यायच्या, म्हणून खिडक्या कायमच्या बंद. नाव लिहीत नाही. चॅनेल केव्हाच बंद पडलं, पण माणसं अजून शहरात आहेत.

मी संध्याकाळी सातच्या बुलेटिनची प्रोड्युसर होते. म्हणजे कुठली बातमी घ्यायची, कुठली आधी, कुठली ब्रेकनंतर, कुठली सोडून द्यायची, हे मी लावायचं. लोकांना वाटतं, बातम्या जशा घडतात तशा येतात. तसं नसतं. पहिली बातमी सगळे बघतात. ब्रेकनंतरची निम्मे बघतात. शेवटची बातमी असते ती फक्त वेळ उरला तर. वेळ कधीच उरत नाही. मी क्रम लावायचे आणि आमचे संपादक येऊन तो बदलायचे. त्यांना सगळे 'सर' म्हणत. वाईट माणूस नव्हते, पण जाहिरातींचा फोन आला की उभं राहून बोलायचे.

मार्केट यार्डच्या मागे हमालांची एक वस्ती होती. वस्तीला लागून एका बिल्डरने बेसमेंटसाठी खोल खड्डा खणला होता, आणि खड्डा आणि घरं यांच्यामध्ये एक जुनी दगडी भिंत होती. खणलेली माती बिल्डरने त्या भिंतीला टेकवून रचली होती, आणि भिंतीला तडे गेले होते. तिथल्या कमलमावशी तक्रार घेऊन आमच्या ऑफिसात आल्या. यार्डात कांदा निवडायचं काम करायच्या. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना बसायलाही सांगितलं नव्हतं.

"ताई, रातीला भिंतीतून माती पडतीय," त्या म्हणाल्या. "चूल पेटवली की वरून भांड्यात येती. वॉर्ड ऑफिसात जाऊन आलो. साहेब म्हनले, बघू. तुमी टीव्हीवर दावा. टीव्हीवर आलं की साहेब बघत्यात."

रिपोर्टर रजेवर होता, म्हणून कॅमेरामनला घेऊन मी स्वतःच गेले. मावशींनी तड्यात हात घालून दाखवला. मनगटापर्यंत आत गेला. पावसाळा सरत आला होता, माती भिजून फुगलेली. मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, पण त्या भिंतीखाली उभं राहून मावशींचं बोलणं टिपताना मी दोन पावलं मागे सरकले, हे नक्की.

परत येऊन ती बातमी मी पहिली लावली. सरांनी ती शेवटी टाकली. त्या दिवशी वेळ उरला नाही. दुसऱ्या दिवशी मी परत वर घेतली, परत तळाला गेली, परत कापली. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ती भिंत पडणार आहे."

"पडली की पहिली लावू," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "आणि ती टेप आता बाहेर काढू नका. त्या माणसाची ॲड आपल्याकडे चालू आहे, माहितीय ना?"

बातमी यादीतूनच गेली. टेप मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. राग म्हणून. दुसरं काय करणार?

आता जे झालं ते जसं झालं तसं सांगते.

त्या संध्याकाळी पहिली बातमी होती एका शोरूमच्या उद्घाटनाची. फीत कापणारे नेते, बाजूला एक सीरियलमधली नटी. अँकर होत्या सुनीताताई, आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या. आधी रेडिओवर होत्या, उच्चार इतके स्वच्छ की लोक त्यांचा 'ळ' ऐकायला बातम्या लावायचे. त्या दिवशी हिरवी साडी नेसल्या होत्या. बुलेटिन लाइव्ह होतं. मी कंट्रोल रूममध्ये होते, शेजारी स्विचरवर, म्हणजे पडद्यावरचं दृश्य बदलायच्या बटणांवर, आमचे देशमुख.

कंट्रोल रूममध्ये समोर मोठे मॉनिटर असतात, आपण काय पाठवतोय ते दिसतं. कोपऱ्यात एक साधा छोटा टीव्ही होता, त्याला नेहमीचं केबल कनेक्शन. आपलं चॅनेल लोकांच्या घरी नीट पोचतंय ना, एवढं बघायला. त्याचा आवाज बंद असायचा.

समोर फीत कापली जात होती. सुनीताताईंचा आवाज कानातल्या हेडफोनमध्ये येत होता, शोरूमबद्दलच बोलत होत्या. मी सहज कोपऱ्यातल्या टीव्हीकडे पाहिलं...

तिथे भिंत होती.

आमचंच शूटिंग. कमलमावशींचा हात तड्यात जाताना. मग सुनीताताई, हिरव्या साडीत, थेट कॅमेऱ्यात बघून बोलताना. त्यांचे ओठ माझ्या कानातल्या आवाजाबरोबर हलत नव्हते.

मी म्हटलं, "देशमुख, केबलवर काय चाललंय बघा."

त्यांनी मान वळवली तोवर तिथे फीत होती. "काय चाललंय? आपलंच तर आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, डोक्यात तीच बातमी बसलीये, म्हणून दिसली. खरंच, मी तेव्हा एवढंच मानलं. माझ्या जागी कुणीही हेच मानलं असतं.

पण बुलेटिन संपायच्या आत रिसेप्शनचे फोन सुरू झाले. आणि सगळ्यात पहिला फोन कुणाचा होता? बिल्डरच्या ऑफिसचा. सर धावत कंट्रोल रूममध्ये आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कुणी लावली ती बातमी? कुणी सांगितलं लावायला?"

"कुठली बातमी, सर?"

"नाटकं करू नका, मंजिरी. त्याने स्वतः पाहिलीय. पहिली बातमी. सुनीताबाईंनी वाचली म्हणतोय."

सुनीताताई स्टुडिओतून बाहेर येत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी शोरूम वाचलं. मला जे दिलं ते मी वाचलं."

सरांनी बुलेटिनचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिलं. फीत, नेते, नटी. भिंत कुठेच नाही. सर दोनदा मागेपुढे करून बघत राहिले. मग माझ्या ड्रॉवरचं कुलूप उघडायला लावलं. टेप आत होती. त्यांना यावर ओरडता येईना, कारण ओरडायचं कशावर?

तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला, कोथरूडहून. आई निवृत्त शिक्षिका. माझ्या चॅनेलचं कधी कौतुक करायची नाही, उलट शुद्धलेखनाच्या चुका काढायची. म्हणाली, "आज पहिल्यांदा काहीतरी बातमी दाखवलीत. रोज ते फीत कापणं बघून कंटाळा आला होता. पण त्या लोकांना आधी नाही का सांगायचं? ऐन वेळेला घराबाहेर पडा म्हणे."

"आई, नक्की काय पाहिलंस?"

"का? तुम्ही काय दाखवता ते तुम्हालाच माहीत नसतं का?"

भिंत त्यानंतर पडली. बातम्या संपून तासही झाला नव्हता. भिंतीलगतची घरं त्या मातीखाली गेली, अख्खी रांग. आणि घरांत कुणीही नव्हतं.

सकाळी कॅमेरा घेऊन मी तिथे गेले. लोक शाळेच्या पटांगणात बसले होते, भांडी, गाद्या, एक शेळी. कमलमावशी मला बघून उठल्या, माझे दोन्ही हात धरले.

"त्या हिरव्या साडीवाल्या बाई म्हनल्या ना, भिंत कवाबी पडल, भिंतीजवळच्या लोकांनी आत्ता भायेर पडावं. आत्ता म्हनल्या. मग आमी उठलोच. म्हातारीला उचलून आनलं. माजा नवरा म्हनत होता, जेवून जाऊ. म्या म्हनलं, टीव्हीवर सांगितलंय, उठा."

माझ्या स्क्रिप्टमध्ये ते वाक्य नव्हतंच. मी लिहिलं होतं, 'रहिवासी भीतीच्या छायेत.' आम्ही सगळे असंच लिहितो. घराबाहेर पडा असं मी कुठे लिहिलं नव्हतं, सुनीताताईंनी वाचलं नव्हतं. तरी पटांगणातल्या प्रत्येकाने मला तेच वाक्य सांगितलं. त्यातल्या काहींनी तर ते मला आपणहून सांगितलं, मी विचारायच्या आधी.

दुपारी ऑफिसात मीटिंग झाली. मी म्हटलं, आजची पहिली बातमी ही.

सरांनी विचारलं, "कुणी गेलं?"

"नाही. सगळे वाचले."

"मग तिसरी लावा."

मी आयुष्यात आवाज चढवणारी बाई नाही. तेव्हाही चढवला नाही. एवढंच म्हटलं, "सर, काल तुम्ही म्हणालात, पडली की पहिली लावू. पडलीय. आता माणसंपण हवीत का?"

सरांनी एक छापलेला कागद माझ्यापुढे सरकवला. कालच्या बुलेटिनमध्ये 'तांत्रिक बिघाडामुळे' परवानगी नसलेली बातमी प्रसारित झाली आणि त्याची जबाबदारी माझी, असं त्यात होतं. बिल्डरला पाठवायचा होता.

"पण रेकॉर्डिंगमध्ये ती बातमी नाहीये," मी म्हटलं. "जी प्रसारित झालीच नाही, तिची जबाबदारी कशी घेऊ?"

"तुम्हाला सही करायला काय जातंय?"

"मला खोटं लिहून द्यायचं नाहीये. मी ती दाखवली असती, तर मीच सांगितलं असतं की मी दाखवली. वर तोंड करून सांगितलं असतं."

सही केली नाही. संध्याकाळी कंट्रोल रूममध्ये बसले आणि ती बातमी पहिली लावली. खड्डा कुणाचा, परवानगी कुणी दिली, तक्रार किती वेळा केली होती, सगळं. सुनीताताईंनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"सरांना माहितीय?"

"अजून नाही."

"बरं. मग पाणी आणायला सांगा. घसा साफ करून घेते," म्हणाल्या, आणि अशी वाचली की देशमुख स्विचरवर हात ठेवून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या चॅनेलला गेले नाही. जाऊ दिलं नाही म्हणा, गेले नाही म्हणा. सुनीताताईही महिन्याभरात सोडून गेल्या.

आता तुमच्या शंका. कुणी म्हणेल, केबलवाल्याने घुसडली. कुठून? टेप माझ्या कुलपात होती, आणि हिरव्या साडीतल्या सुनीताताई त्याने कुठून आणल्या? कुणी म्हणेल, सामूहिक भास. हमालांची वस्ती, बिल्डरचं ऑफिस आणि कोथरूडच्या फ्लॅटमधली माझी आई, या सगळ्यांना एकाच वेळी एकच भास? बिल्डरला तर तो भास बघायची इच्छाही नव्हती. कुणी म्हणेल, देवाने केलं. देवाला एवढी काळजी होती तर त्याने वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनाच दाखवायचं होतं. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितलाय. काही हाती लागत नाही. मला स्पष्टीकरण मिळालेलं नाही आणि नुसतं मनाला बरं वाटावं म्हणून मी ते तयारही करणार नाही.

एकच गोष्ट राहिली. नोकरी सुटल्यावर मी कमलमावशींना भेटायला यार्डात गेले. त्या सगळीकडे सांगत होत्या की मंजिरीताईंनी आम्हाला वाचवलं, आणि ते मला सहन होईना. कांद्याच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसून मी त्यांना खरं सांगितलं. ती बातमी आम्ही दाखवली नव्हती.

त्या निवडता निवडता थांबल्या.

"मग कुनी दावली?"

"माहीत नाही, मावशी."

त्यांनी एक सडका कांदा बाजूला टाकला.

"बरं, ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर तुमच्या हापिसानं का न्हाई दावली?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. दुसऱ्याचं मी तिथेच, त्या पोत्यावर बसून, नावानिशी दिलं. कुणी परत विचारलं तर परत देईन.