गच्चीवरचे बिबडे

हसायचंच असेल तर आधीच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा तुटतो आणि मग मला वाटत राहतं, की मी चुकीचं सांगतोय. आयुष्यात गोंधळ मी पुष्कळ घातले, पण हा जो घातला, तो पूर्ण शुद्धीत, अंघोळ करून, हात साबणाने धुऊन आणि सुनेच्या भल्यासाठी!

नव्वद सालानंतरची, जळगावची गोष्ट. मी नुकताच कॉलेजातून निवृत्त झालो होतो. विषय वनस्पतिशास्त्र. डॉक्टरेट केळीच्या खोडातल्या तंतूंवर. अकरा वर्षं घासली. प्रबंधाच्या चार प्रती काढल्या. एक विद्यापीठात गेली, एक कॉलेजच्या कपाटात, एक मार्गदर्शकांकडे आणि एक माझ्याकडे. चारांपैकी एकही कुणी उघडली असेल, असं मला आजही वाटत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक एवढंच म्हणाले होते, "फार पचायला जड आहे हो हे!"

एवढं शिकून काय झालं? गॅस बंद केला का, हे मी तीनदा बघतो. मग तिसऱ्यांदा बघताना चुकून चालू तर नाही ना केला, म्हणून चौथ्यांदा.

आणि अशा माणसाच्या घरात सून कोण आली, तर वैशाली! धुळ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी, पण कमर्शियल आर्टचा कोर्स केलेली. गावातल्या एका प्रेसमध्ये डिझायनर होती. केळीच्या खोक्यांवरची लेबलं, बियाण्याची पाकिटं, लग्नपत्रिका, सगळं तिच्या हातचं. पण प्रेस सुटला की बाईंचा खरा उद्योग सुरू व्हायचा. हातात सापडेल त्या वस्तूचं ही पोर काहीतरी करायची! माझ्या जुन्या टायचं तिने चष्म्याचं घर शिवलं. लग्नपत्रिकांच्या कापून उरलेल्या पट्ट्यांचे पोपट करून छकुलीच्या पाळण्यावर टांगले. छकुली म्हणजे माझी नात, तेव्हा दीड वर्षाची. एका हाताने पाळण्याची दोरी, दुसऱ्या हाताने ब्रश. भाकरी तव्यावर असताना पिठाच्या डब्यावर बोटाने नक्षी काढायची आणि भाकरी करपायची नाही, हे विशेष.

मी हे सगळं बघायचो आणि मनात म्हणायचो, अरे, हिला एका दिवसात जेवढं सुचतं तेवढं मला अकरा वर्षांत सुचलं नाही. पण तोंडाने कधी कौतुक केलं? नाही. उगाच चुकीचं काही बोललो तर, या भीतीने गप्प. आणि विचारणं तर त्याहून अवघड. ती एकदा म्हणाली, "नाना, माळ्यावरच्या ट्रंकेतले ते तुमचे कच्चे कागद लागतात का हो?" मी म्हटलं, "ने, ने!" कशाला, ते विचारलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली, "नाना, केळीच्या खोडातला चांगला तंतू कुठला?" मी पाऊण तास व्याख्यान दिलं. कशाला हवाय, हे पुन्हा विचारलं नाही! विद्वान माणूस उत्तरं देतो हो, प्रश्न कुठे विचारतो?

मे महिना उजाडला. जळगावचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. गच्चीवर अनवाणी पाऊल टाकलं तर टाच भाजून निघते. आणि त्या उन्हात गावातल्या प्रत्येक गच्चीवर काय असतं? जुन्या साड्या अंथरलेल्या आणि त्यावर गोल गोल बिबडे! ज्वारी भिजवायची, कुटायची, मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा आणि पापडासारखे गोल थापून वाळवायचे. वर्षभर तळून खायचे. खानदेशातलं घर आहे आणि डब्यात बिबडे नाहीत, असं होत नाही.

आमची सौभाग्यवती बोदवडला भाचीच्या लग्नाला निघाली. जाताना रिक्षातून ओरडली, "अहो, गच्चीवर वैशालीचं वाळत घातलंय. कावळ्यांकडे लक्ष ठेवा!"

वर जाऊन बघतो तर काय! साडीवर ओळीने बेचाळीस गोल. पांढुरके, खरखरीत, मधे मधे लाल तुकडे, सोनेरी तुकडे, आणि मेथीचा मंद वास. माझे डोळे भरून आले. नोकरी, लेकरू, चित्रं, आणि हे सगळं सांभाळून पोरीने बिबडेसुद्धा घातले! आणि एका शब्दाने बोलली नाही! परवा तिला त्याच मोठ्या पातेल्यात काहीतरी रटारटा शिजवताना मी पाहिलं होतं, ते हे होतं तर.

दोन दिवस मी डोक्यावर छत्री आणि हातात काठी घेऊन पहारा दिला. दर तासाला मोजायचो. बेचाळीस. पुन्हा मोजायचो. बेचाळीस.

आता त्या गुरुवारचं सांगतो. गुरुवारी पुण्याहून एक गृहस्थ वैशालीचं काम बघायला येणार होते. त्यांचं हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान होतं. सकाळी निघताना ती म्हणाली, "नाना, यांना माझं काम पसंत पडलं ना, तर प्रेस सोडून मी घरूनच करीन. छकुलीजवळ राहता येईल. संध्याकाळच्या गाडीने ते परत जाणार आहेत, म्हणजे आजच काय ते ठरणार. मी अर्धा दिवस भरून बारापर्यंत येतेच."

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. काळजी करायला मी होतो ना!

टेबलावर तिच्या चित्रांची वही ठेवलेली होती. मी तिच्यावर माशी बसू दिली नाही.

गृहस्थ दुपारच्या गाडीने यायचे ते सकाळच्याच गाडीने आले. दहा वाजता दारात! मी 'या या' म्हणतोय, तोवर त्यांच्या मागून धोतर, टोपी आणि खांद्यावर कैऱ्यांची पिशवी. कोण? आमचे व्याही, वैशालीचे वडील, आबा. न कळवता आलेले.

"नाना, राम राम! नातले देखाले उनू!"

नात पाळण्यात झोपलेली. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर. घरात मी एकटा आणि समोर दोन पाहुणे. एकाच्या हातात सुनेचं भवितव्य आणि दुसरा सुनेचा बाप! चहा मला येतो. केला. पण नुसता चहा? डबे उघडले. एकात साबण. एकात रंगाच्या बाटल्या. एकात लाकडाची भुकटी. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गच्ची!

वर गेलो. आणि हे लक्षात घ्या, मी सरसकट नाही उचलले. शास्त्रज्ञाच्या नजरेने निवडले! जे अगदी गोल, जे सगळीकडे सारख्या जाडीचे, ज्यांवर लाल तुकडे सुरेख पसरलेले, असे उत्तमोत्तम बारा काढून आणले. फाटके, वाकडे तिथेच ठेवले.

कढईत तेल तापवलं. पहिला टाकला. फुलेना! मला वाटलं, तेल कमी तापलं. आच वाढवली. दुसराही फुलेना. नुसता तेल पीत बसला आणि पिवळसर झाला. माझंच काहीतरी चुकतंय, हे गृहीत धरायची मला सवय आहे. वरून तिखट-मीठ भुरभुरवलं, शेंगदाणे आणि कांदा ठेवला आणि ताट बाहेर नेलं.

"घ्या! आमच्या सूनबाईंनी स्वतः केलेत," मी म्हणालो. "नोकरी सांभाळून हो!"

पुण्याच्या गृहस्थांनी तुकडा तोंडात घातला. चावला. चावला. थांबले. पुन्हा चावला. "हा... इकडचा खास पदार्थ वाटतं?"

"अगदी खास! बिबडे म्हणतात."

"चिवट असतो का?"

"छे, कुरकुरीत असतो," मी म्हणणार होतो, पण तोवर मीही एकाला दात लावला होता. कवळीचे दात, महिन्यापूर्वीच बसवलेले. चावतोय, चावतोय, तुकडा निघेना! आता मला सांगा, मी काय समजावं? कवळीच सदोष. डॉक्टरने फसवलं. मी बिबडा हळूच ताटात परत ठेवला आणि म्हणालो, "वा! लसूण छान लागलाय."

आणि आबा! आबांनी जन्मभर बिबडे खाल्लेले. पहिल्या घासालाच त्यांचे डोळे विस्फारले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या पुणेकराकडे, एकदा ताटाकडे. मग छाती पुढे काढून म्हणाले, "भारी शेतस, नाना! मनी पोरनी हातनी चवच न्यारी शे!"

"खरंच?" मी खूष.

"आखो एक द्या."

दिला. तो माणूस डोळे मिटून चावत होता. कपाळावर घाम. मधे मधे पाण्याचा घोट. "तिनी मायनापेक्षा चांगला व्हयनात," असंही म्हणाले. बघा हो, लेकीचं हसू होऊ नये म्हणून बाप काय काय गिळतो! एक संपवला, दुसरा संपवला. तिसऱ्याला मात्र फक्त मान हलवली.

पुणेकर मुकाट्याने शेंगदाणे खात होते.

तेवढ्यात वैशाली आली. आबांना बघून आनंदली, पाहुण्यांना बघून गडबडली. "अगंबाई, तुम्ही लवकर आलात! बसा हं, मी गच्चीवरून घेऊनच येते."

मला काही कळलं नाही. चित्रं तर टेबलावर होती. गच्चीवरून काय आणणार?

वरून हाक आली. "नाना! कागद कुठे गेलेत?"

"कुठले कागद?"

ती खाली आली. हातात ते फाटके, वाकडे गोल. "हे. माझे हाती बनवलेले कागद. बेचाळीस होते. त्यातले चांगले बारा यांना दाखवायला..." आणि तिची नजर ताटावर पडली.

आबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. पाळण्यावरचे पोपट तेवढे हलत होते.

"नाना," ती अगदी हळू म्हणाली, "हे तळलेत?"

"तिखट-मीठही टाकलंय," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

मग सगळा उलगडा झाला. केळीचा तंतू आणि जिनिंगमधला वाया गेलेला कापूस यांचा लगदा. कीड लागू नये म्हणून त्यात मेथीची पूड. लाल ते बोगनवेलीच्या पाकळ्या, सोनेरी ती कांद्याची सालं. पिठाच्या चाळणीवर गाळून केलेले म्हणून गोल. तीन महिने खपत होती पोर. "आणि मुख्य लगदा तुमच्या कागदांचा, नाना. ट्रंकेतल्या. तुमच्या प्रबंधाचे कच्चे खर्डे!"

मी आबांकडे बघितलं. माझा प्रबंध पचवणारा पहिला माणूस! चौथी पास.

"माय," आबा लेकीला म्हणाले, "कागद व्हता का तो? मी समजनू, तुले सैपाक येत नही!"

त्यावर पुणेकर जे हसायला लागले, ते थांबेनात. वैशालीही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसण्याचं नव्हतं, एवढं मला कळलं. पोरीचा दिवस मी तळून खाल्ला होता.

आणि मग तिने काय केलं? ताटातला एक उचलला. मी दात लावलेला होता तो. तिखट झटकलं, फडक्याने टिपलं आणि सहज खिडकीपाशी उजेडात धरला. काय सांगू! तेल पिऊन कागद काचेसारखा झाला होता. त्यातून मेचं ऊन मधासारखं झिरपत होतं. पाकळ्या पेटल्यासारख्या लाल, तंतूची रेघन् रेघ स्पष्ट. अकरा वर्षं ज्या तंतूकडे मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, तो इतका सुंदर असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"याचा दिवा होईल," ती स्वतःशीच म्हणाली. "भोवती लावला तर."

पुणेकर उठून खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघत राहिले. जाताना त्यांनी फाटक्या गोलांतले थोडे नेले आणि तो एक, चावलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून मागून नेला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

बोदवडहून परतल्यावर सौभाग्यवती एवढंच म्हणाली, "मी लक्ष ठेवा म्हटलं होतं. तळा नव्हतं म्हटलं."

तीन आठवडे मी पोस्टमनची वाट बघितली. वैशालीपेक्षा जास्त. शेवटी पत्र आलं. तिने वाचलं आणि माझ्या हातात दिलं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. दिव्याच्या साठ छत्र्या हव्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'तुमचा तो नमुना दुकानात दिव्यावर लावून ठेवला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्या चावलेल्या कडेपाशी थांबतो. तेव्हा कड सगळीकडे तशीच हवी.'

वैशाली माझ्यासमोर उभी राहिली. हात पुढे केला.

"काय?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर प्रश्न विचारला.

"कवळी, नाना."

ओल्या मातीत तिने माझी कवळी दाबून ठसा घेतला, त्याबरहुकूम पत्र्याची पट्टी वाकवली आणि साठ कागदांच्या कडा त्या पट्टीने कातरल्या. त्याच महिन्यात तिने प्रेस सोडला. पट्टी जमेपर्यंतचे दोन दिवस मात्र मी कवळीवाचून पेजेवर होतो.

तर असं आहे. माझ्या अकरा वर्षांच्या विद्वत्तेच्या एकूण प्रती निघाल्या चार. कवळीच्या निघाल्या साठ, आणि त्या सगळ्या खपल्या!