धाकट्याला चेहरे जमत नाहीत

माझा धाकटा भाऊ पेंटर आहे. भिंतींना रंग देणारा नव्हे आणि प्रदर्शनं भरवणारा तर मुळीच नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आमच्या घरापासून चर्चपर्यंत चालत गेलात, तर चष्म्याच्या दुकानापासून पंक्चरवाल्यापर्यंत डोक्यावर दिसणारी अक्षरं बहुतेक त्याचीच. त्याने काढलेल्या संत्र्यावर माशी बसते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण चेहरा काढायला सांगा, की गडी गार. साठी उलटली, अजून एक धड नाक त्याच्या हातून उतरलेलं नाही. मी थोरली बहीण आहे, त्यामुळे हे सांगायचा मला हक्क आहे.

मी स्वतः तीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवते. म्हणजे रविवारी प्रार्थनेच्या आधी तासभर मुलांचे वर्ग भरतात, त्यातला मोठ्या मुलांचा वर्ग माझा. माझी पद्धत साधी: पाठांतर. विश्वासाची कलमं अशी घोटून घ्यायची की झोपेतून उठवलं तरी मुलाने घडाघडा म्हटली पाहिजेत. मुलं मला मागून 'पट्टीबाई' म्हणतात, लहानगी तर तोंडावरही. म्हणोत बापडी.

लहानग्यांना शिकवणारी बाई लग्न होऊन दूर गेली आणि तो वर्ग रिकामा पडला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांना विचारलं. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची सून बाळंत व्हायची होती. शेवटी गाडी धाकट्यापाशी येऊन थांबली.

"साहेब, मला चारचौघांत बोलता येत नाही," तो म्हणाला.

"मग चित्रं काढून दाखवा," पाळकसाहेब सहज बोलून गेले.

धाकट्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढच्याच रविवारी खांद्यावर पत्र्याची पाटी घेऊन तो वर्गात हजर. एका बाजूला कुठल्याशा मेडिकल दुकानाचं नाव, दुसऱ्या बाजूला देवाने जग निर्माण केलं ते. त्या दिवसापासून हीच रीत पडली. उतरवलेल्या, गंजलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या पाट्या तो आणायचा, घासायचा आणि पाठीमागे चित्र काढायचा. वर्गात एकदा पाटी उलटी लागली आणि तारणाच्या, म्हणजे मुक्तीच्या, चित्राच्या जागी मुलांना 'येथे कुलपाच्या चाव्या बनवून मिळतील' दिसलं. मुलं खूश. मी कपाळाला हात लावला.

चेहरे जमत नाहीत, तर माणसं काढायची कशी? त्याने तोड काढली. सगळी माणसं पाठमोरी. सगळे पैसे उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाला पाहून धावत सुटलेला बाप पाठमोरा, चपला मागेच राहिलेल्या. "म्हातारा अनवाणी का धावतोय?" असं तो मुलांना विचारायचा आणि गप्प बसायचा. मुलं भांडून भांडून उत्तर काढायची, की रागावलेला माणूस चप्पल शोधून, घालून, मग सावकाश येतो. क्षमा शिकवून झाली. पवित्र आत्म्यासाठी त्याने नुसती कपडे वाळत घालायची दोरी काढली, त्यावरचे सदरे सगळे एका बाजूला उडालेले. "वारा दिसतोय का?" "नाही." "मग आहे कशावरून?" मुलं सदऱ्यांकडे बोटं दाखवायची. देव एक असून तीन कसा, असं एकीने विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, "ते ताईला विचार." मी चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी ती म्हणाली, "पट्टीबाई, आम्ही परत दोरीचं चित्र बघू का?"

आणि येशू? तोही पाठमोराच. डोंगरावर, होडीत, गर्दीत, अगदी वधस्तंभ वाहतानाही. रुंद पाठ, मानेवर आलेले कुरळे केस, कोपरावर ठिगळ. तो पुढे आणि मुलं चित्राबाहेर त्याच्या मागे. वर्ग सुटला की ती रांग करून धाकट्याच्या पाठीमागे गल्लीच्या टोकापर्यंत चालायची. मला हे खेळ वाटायचे.

आमच्याकडे दरवर्षी तोंडी परीक्षा असते. पाळकसाहेब, सेक्रेटरी असलेले निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, असे तिघे टेबलामागे बसतो आणि मुलांना विश्वासाबद्दल विचारतो. त्या वर्षी बेकरीवाल्याची धाकटी सगळ्यांत आधी आत आली. सहा वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात.

"सांग बाळ," पोस्टमास्तर म्हणाले, "प्रभू येशूविषयी तुला काय माहीत आहे?"

"त्याची पाठ रुंद आहे," भिंगरी म्हणाली. "आणि त्याला चेहरा नाहीये."

पोस्टमास्तरांच्या हातातलं पेन खाली पडलं. पुढच्या अकरा मुलांनीही हेच सांगितलं, एकाने वर कोपरावरच्या ठिगळाचा रंग सांगितला.

मुलं गेल्यावर पोस्टमास्तर कडाडले, "बिनचेहऱ्याचा तारणारा! उद्या ही मुलं म्हणतील, देव आमच्याकडे बघतच नाही!" धाकटा मान खाली घालून नखातला हिरवा रंग काढत उभा. मी त्याची बाजू घ्यायला हवी होती. पण खोटं कशाला बोलू, मीच म्हणाले, "छापील तक्ते मिळतात, चेहऱ्यांसकट. ते मागवावेत आणि हवं तर वर्ग मी सांभाळीन." तीस वर्षं नाकाने कांदे सोलायची सवय, एका दिवसात कशी जाणार?

पाळकसाहेब मवाळ. त्यांनी मध्ये पडून ठरवलं: पुनरुत्थानाच्या रविवारला, म्हणजे ईस्टरला, पाच आठवडे आहेत. तोवर पेंटरने मरणातून उठलेला येशू समोरून काढावा. मुलांची पुन्हा परीक्षा होईल. नाही जमलं, तर तक्ते येतील आणि वर्ग ताईंकडे जाईल.

घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही आणि त्याची बायको दहा वर्षांपूर्वी देवाघरी गेली. ती गेल्यावर दोन वर्षं हा माणूस कामापुरतं बोलायचा. तो हसायला लागला तो या वर्गापायी, हे मला दिसत होतं. तरी वर्ग काढून घ्यायचं मीच तोंड उघडून बोलले होते.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने चेहरे काढायला सुरुवात केली. पहिला चेहरा थेट केशकर्तनालयाच्या पाटीवरचा उतरला, भांग पाडलेला, ओठावर बारीक मिशी. दुसरा आमच्या मामासारखा, तोही सर्दी झालेल्या मामासारखा. तिसऱ्यात पोस्टमास्तर दिसायला लागले. आम्ही दोघं पोट धरून हसलो आणि त्याने घाईघाईने त्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला. तीन आठवडे गेले तसं हसणं कमी झालं. चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्याने ब्रश धुऊन ठेवले.

"ताई, वर्ग तूच घे," तो म्हणाला. "पोरांना तोंडपाठ तरी येईल."

मला जे हवं होतं ते बसल्या जागी मिळालं आणि मी हातातला घास ताटात परत ठेवला. मग नेहमीप्रमाणे मी चिडले. मला वाईट वाटलं की मी चिडतेच.

"कधी सोडत नव्हतास कुठली पाटी अर्धी, आता का सोडतोस? आणि चेहऱ्याचं काय घेऊन बसलायस? मला तुझं सदऱ्यांचं चित्र आवडतं!" हे मी याआधी कधी त्याला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेऊन गेले तर तो शेडमध्ये जमिनीवर बसलेला. पुढ्यात एक लांबलचक जुनी पाटी. अशा पाटीला भिंतीवर ठोकलेल्या खिळ्यांची भोकं असतात आणि वाऱ्याने हलून हलून ती चांगली बोटाएवढी होतात. रंगाआधी ती पुट्टीने बुजवायची, हे पाटीकामातलं पहिलं काम. सगळी भोकं बुजवून झाली होती, मधली दोन सोडून. हातात पुट्टी लावायचा पत्रा तसाच.

"ताई, ही दोन बुजवू नयेत असं वाटतंय."

"अर्धवट कामं करू नकोस," मी म्हणाले आणि चहा ठेवून आले. मला मेलीला काही कळलं नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी सकाळी दोघा माणसांनी ती पाटी उचलून वर्गात आणली आणि भिंतीला टेकवून उभी केली. वर चादर टाकलेली. बारा मुलं सतरंजीवर, टेबलामागे पाळकसाहेब आणि पोस्टमास्तर. मी मागे दाराशी उभी राहिले, परीक्षक म्हणून बसायला मन होईना. धाकट्याने चादर ओढली.

दोन हात. माणसाच्या हातांच्या तिप्पट मोठे, तळवे आमच्याकडे, मुलाला उचलून घ्यायला पुढे करतात तसे. हात म्हणजे धाकट्याचा हातखंडा. 'दवाखाना इकडे' सांगणारे कितीतरी हात त्याने आयुष्यभर काढले आहेत. कामकरी हात होते ते, बोटांच्या पेरांवर घट्टे असलेले. मागे पहाटेचा पिवळा उजेड. बाह्या वर गेल्या होत्या, खांदे दिसत होते आणि तिथे पत्रा संपला होता. दोन्ही तळव्यांच्या मधोमध ती दोन भोकं.

"आणि चेहरा?" पोस्टमास्तर म्हणाले.

धाकटा चादरीची घडी घालत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात भिंगरी उठली. कुणी बोलावलं नव्हतं. तरातरा पाटीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि उजव्या तळव्यातल्या भोकात तिने बोट घातलं.

"आरपार आहे!" ती ओरडली.

मग काय विचारता! सगळा वर्ग पाटीवर तुटून पडला. एकाने मागे जाऊन पलीकडून आलेली बोटं मोजली. ढकलाढकली, हसणं, "आता माझी पाळी", "तू दोनदा घातलंस". पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुठे आवाज खाली आला.

"हे हात कुणाचे?" त्यांनी विचारलं.

"येशूचे!" बारा तोंडांतून एकच उत्तर.

"चेहरा तर नाही. मग कशावरून ओळखलंत?"

"खिळ्यांच्या भोकांवरून," भिंगरी म्हणाली. "त्याच्या शिष्याने, थोमाने पण तेच बघायला मागितलं होतं. तो कुठे म्हणाला, चेहरा दाखवा म्हणून?"

पोस्टमास्तर पुढे झुकले. "पण तो तर मेला होता ना?"

"मेला होता म्हणून तर भोकं आहेत," भिंगरीने त्यांना समजावलं, आजोबांना समजवावं तसं. "आणि उठला म्हणून हात पुढे केलेत. मेलेल्या माणसाला हात पुढे करता येत नाहीत."

"बरं, आणि आता तो कुणाकडे बघतोय?"

"आमच्याकडे! तळवे कुठल्या बाजूला आहेत बघा ना!"

पोस्टमास्तरांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी तीत बारा नावांपुढे बारा वेळा 'उत्तीर्ण' लिहिलं आणि घसा खाकरत म्हणाले, "पेंटर, तुमची मुलं आमच्यापेक्षा बरं बोलतात." धाकटा हसला. पूर्वीसारखा, सगळे दात दाखवून. मुलं त्याला चिकटली आणि त्याच्या सदऱ्याला रंग लागलाय की मुलांच्या हाताला, काही कळेना.

मला आनंद झाला. खूप झाला. आणि माझी मलाच लाजही वाटली.

"ताई, तू नाही बघितलंस?" त्या गर्दीतून धाकटा म्हणाला. "ये ना."

मी पुढे गेले. मुलांनी वाट करून दिली. तीस वर्षं हीच गोष्ट मी शिकवत आले, शब्दाला शब्द, एक काना चुकू न देता. माझी तर्जनी जाईना, करंगळी गेली. पत्र्याची भोकं म्हणजे कडा कशा धारदार असायच्या, मी अंग चोरूनच बोट घातलं. पण काही टोचलं नाही. कडा गुळगुळीत होत्या. लेकरांची बोटं कापू नयेत म्हणून धाकट्याने कानस घेऊन त्या दोन्ही बाजूंनी, कोण जाणे किती वेळ बसून, घासून काढल्या होत्या.

मी तिथेच सगळ्यांसमोर रडले. भिंगरीने माझा पदर ओढला आणि विचारलं, "पट्टीबाई, टोचलं का?"

"नाही गं," मी म्हणाले. "अजिबात नाही टोचलं."