जावयाची सातवी पिढी

सर्व आप्तेष्ट, स्नेही, शेजारी आणि मासे न खाणारे नातेवाईक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेनी नामक मच्छीमार घराण्याचा सात पिढ्यांचा साद्यंत कुलवृत्तांत सिडनीच्या स्कोफिल्ड्स या उपनगरात, दोन मोटारींच्या गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीन आणि लोणच्याच्या बरण्या यांच्या मधोमध, सिद्ध झाला आहे. संशोधक, लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि आजवरचे एकमेव वाचक : माझ्या बायकोचे मामा. खुद्द रेनी घराण्यातला एकही माणूस हा ग्रंथ हातात धरायला तयार नाही. दुसऱ्याच्या पूर्वजांसाठी इतका झिजलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. स्वतःच्या पूर्वजांसाठी झिजणारे पुष्कळ असतात, पण त्यांना निदान वाटण्यांची आशा असते.

मामांची सगळी नोकरी तालुक्याच्या गावी जमिनीच्या दप्तरात गेली. सातबारे, फेरफार, वारसनोंदी. पस्तीस वर्षं हेच वाचल्यामुळे माणूस समोर आला की त्यांना चेहरा दिसायच्या आधी उतारा दिसतो. आमच्या लग्नात मी पाया पडायला वाकलो, तेव्हा आशीर्वादाऐवजी "आजोबा किती भाऊ?" असा प्रश्न माझ्या टाळूवर पडला होता. मामी गेल्यावर ते एकुलत्या एका लेकीकडे, गार्गीकडे, इथे आमच्या सिडनीत कायमचे राहायला आले आणि जावई नावाच्या मोकळ्या माळरानाशी त्यांची गाठ पडली. ॲलन रेनी हा जवळच्याच पेन्रिथला जन्मलेला, धंद्याने इलेक्ट्रिशियन, बारा महिने हाफ पँटीत वावरणारा गुणी माणूस. मामांनी पहिल्याच आठवड्यात त्याला घराण्याबद्दल विचारलं. तो हसून म्हणाला, "आजोबांच्या मागे कोण होतं कुणास ठाऊक, मेट. होतं कुणीतरी. नाहीतर मी कुठून आलो असतो?"

"कुणीतरी?" मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, वारसाच्या रकान्यात 'कुणीतरी' लिहिलं तर तलाठी सस्पेंड होतो!"

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच सुमारास गार्गीला दिवस गेले आणि मामांच्या स्वतःच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत असल्याची बातमी पुण्याहून आली. कुलवृत्तांत ही चीज ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांच्या घरात नाही ते सुखी आहेत. जाड पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकात कोणीही नापास होत नाही, कोणीही बायकोला छळत नाही, सगळे मनमिळाऊ, कर्तबगार आणि परोपकारी असतात. जुन्या आवृत्तीत मामांच्या नावाखाली एवढंच छापलेलं आहे : "कन्या एक. शाखा समाप्त." मामा धडधाकट, आजही रोज अर्धा तास प्राणायाम करणारे, जेवणात तिसरी पोळी मागून घेणारे, आणि छापील पुस्तकात समाप्त! मुलीची मुलं बापाच्या कुलवृत्तांतात येत नाहीत असा नियमच आहे. मामांनी कुलमंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष उदार मनाचे. ते म्हणाले, या वेळी परदेशस्थांचं एक परिशिष्ट काढतोय. जावयाचं घराणं, मूळ गाव आणि सात पिढ्यांची वंशावळ सप्रमाण पाठवा, मग नातवंडाचं बघू. या "मग बघू"वर मामांनी दीड वर्ष काढलं. नातीचं नाव एका ओळीत, एका परिशिष्टात, का होईना छापून यावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी सगळा स्कॉटलंड त्या एका ओळीसाठी.

मामांनी कामाला हात घातला तो दप्तरवाल्याच्या शिस्तीने. ब्लॅकटाउनच्या एका लायब्ररीत दर बुधवारी वंशावळी शोधणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक गट जमतो. तिथे मामा चकल्यांचा डबा घेऊन दाखल झाले आणि महिन्याभरात त्या सात-आठ गोऱ्या आज्यांचे सरसेनापती झाले. स्कॉटलंडची जुनी खानेसुमारी आणि चर्चच्या गावदप्तरांतल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या नोंदी आता घरबसल्या पडद्यावर बघता येतात. ते गिचमिड अक्षर पाहून आज्यांचे डोळे पाणावत. मोडी कोळून प्यायलेले मामा ते वर्तमानपत्रासारखं वाचत. "खानेसुमारी म्हणजे माणसाने सांगितलेलं, दप्तर म्हणजे घडलेलं," असं त्यांचं सूत्र होतं. "ही बाई बघा. दहा वर्षांनी पुढची खानेसुमारी झाली आणि हिचं वय सातच वर्षांनी वाढलं. थेट आमच्या ताईसारखी." ताई म्हणजे माझ्या सासूबाई. हे वाक्य मी सासूबाईंना कळवलं नाही, हे माझ्या संसाराचं रहस्य आहे.

हा रोग बुधवारपुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण ॲलनच्या मागच्या अंगणात बार्बेक्यू असला की मामा लोकरीचा स्कॉटिश चौकड्यांचा मफलर गुंडाळून, चाळीस डिग्रीत, एकेका पाहुण्याला गाठत. "तुझ्या आजीचं माहेरचं आडनाव काय?" सॉसेज तोंडात असलेला माणूस काय सांगणार? एक प्लंबर तर "ऑल गुड, मेट, ऑल गुड" म्हणत कुंपणाच्या दिशेने मागे मागे सरकला तो पुन्हा दिसलाच नाही. गळका नळ मीच जाऊन बदलला.

आणि लेखन! कुलवृत्तांताची भाषा मामांच्या हाडीमासी खिळलेली. खानेसुमारीत एका रेनीपुढे 'भिकारी' अशी नोंद सापडली, मामांनी लिहिलं, "ऐहिक सुखांविषयी उदासीन." एकाला रविवारी दारू पिऊन चर्चमध्ये गायल्याबद्दल दंड झाला होता, "संगीताची आवड, धर्मकार्यात उत्साहाने सहभाग." घरातल्या बायका बंदरावर हेरिंग मासे चिरून साफ करत, पुण्याचं मंडळ शुद्ध शाकाहारी, म्हणून "सागरी व्यापारातील सूक्ष्म कामात निपुण." मी म्हटलं, "मामा, पुढच्या आवृत्तीत हे सगळे पहाटे उठून योगासनं करतील." ते म्हणाले, "तू आयटीवाला. तुला संपादन काय कळणार?"

पण खरा पराक्रम जेम्स लेस्ली रेनीचा. हा ॲलनच्या आजोबांचा आजोबा. मामांनी नाव वाचलं आणि मांडीवर थाप मारली. जेम्स हा मुलगा, लेस्ली हा बाप, रेनी हे आडनाव! मधलं नाव बापाचं, यात शंका घ्यायला जागा कुठे? आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत तसंच असतं. आठ महिने मामा लेस्ली रेनीला शोधत होते. शेवटी तो भलत्याच परगण्यात सापडला, घोड्यांचा व्यापारी. मामांना कोण आनंद! घोडे म्हणजे घराण्याला एकदम सरदारी कळा. त्याच्या थडग्याचा फोटो मोठा करून गॅरेजमध्ये लावला आणि सर्वपित्रीला जावयाकडून त्याच्या नावाने पान ठेवायचं ठरवलं. आता सर्वपित्री येते ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे इथले मॅगपाय पक्षी घरट्यापायी पिसाळून माणसांच्या डोक्यावर झेप घेतात तेव्हा. ॲलनला पितर माहीत नव्हते, पण मॅगपाय माहीत होते. तो सायकलचं हेल्मेट घालून, त्यावर वायरी बांधायच्या प्लास्टिक पट्ट्यांचे काटे उभे करून, खीर-वड्यांचं पान घेऊन अंगणात उतरला. मामा उघड्या डोक्याने मागे. पक्ष्याने जावयाला सोडलं आणि सासऱ्याला धरलं. टाळूवर दोन टोचे घेऊन मामा आत आले ते कृतार्थ होऊन. "पाहिलंस? शिवले!"

पुढच्याच बुधवारी एका आजीने चकली मोडत मोडत सांगितलं की स्कॉटलंडात मधलं नाव पुष्कळदा आईच्या माहेरचं आडनाव असतं. लेस्ली हा बाप नव्हताच. जेम्सची आई लेस्लींच्या घरची. घोडेवाल्याचा आणि ॲलनचा सुतराम संबंध नव्हता. फोटो उतरला, आठ महिने वाया गेले. मी सांत्वनाला गेलो तर मामा एवढंच पुटपुटले, "जेवून गेला रे फुकट."

मग खऱ्या वाटेने ते एकेक पायरी चढत सातव्या पिढीला पोचले, आणि तिथे वाट बंद झाली. जेम्सच्या बापाच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. मुलाचं नाव आहे, आईचं नाव आहे, इसाबेल रेनी. बापाच्या जागी कोरा कागद. चर्चच्या पंचांच्या बैठकीचं टिपणही मिळालं. अविवाहित इसाबेलला बोलावून मुलाच्या बापाचं नाव विचारलं होतं. तिने सांगितलं नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा भर चर्चमध्ये सगळ्या गावासमोर बसवून विचारलं. टिपणात पुढे एकच वाक्य आहे : ती गप्प राहिली. रेनी हे आडनाव तिचं स्वतःचं. आज ॲलनच्या व्हॅनवर जे रंगवलंय ते त्या बाईचं नाव आहे.

त्या रविवारी मामा आमच्याकडे जेवायला आले ते पडलेल्या चेहऱ्याने. अडचण साधी होती आणि उपाय त्याहून साधा. निम्मं गाव रेनीच. खानेसुमारीत इसाबेलच्या शेजारच्याच घरात योग्य वयाचा, त्याच आडनावाचा एक कोळी राहत होता. मी म्हटलं, "मामा, घाला ना त्याला रकान्यात. तुम्ही भिकाऱ्याचा संन्यासी केलात. इथे तर नुसतं एक नाव घालायचंय. कोण स्कॉटलंडला जाऊन बघतंय?"

"ती भाषा होती. ही नोंद आहे," मामा म्हणाले. "पस्तीस वर्षांत मी एक खोटा फेरफार केला नाही."

माझी बायको ताटात आमटी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "खोटा नाहीच केलात, मामा. आजोबांच्या जमिनीवर आईचं नाव लागलं होतं, ते काढायचा हक्कसोडाचा कागद तुम्हीच आणलात. भाऊबीजेला. ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवून सही घेतलीत. तोही अगदी खराच होता."

 मी लोणचं पुढे केलं. कुणीच घेतलं नाही. ताईंची सही कशी थरथरीत आली होती, ते थोड्या वेळाने मामांनीच सांगितलं, कुणी विचारलं नसताना. तिसरी पोळी त्या दिवशी त्यांनी मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये गेलो तर मामा खानेसुमारीचं एक पान भिंगाखाली धरून बसले होते. घरातल्या माणसांचं प्रमुखाशी नातं, असा एक रकाना त्यात असतो. बायकांपुढे बहुतेक ठिकाणी 'पत्नी', 'मुलगी', 'मोलकरीण'. इसाबेलपुढे 'प्रमुख'. व्यवसाय, जाळी विणणे. "अंमलदार दारात आला असेल," मामा हळूच म्हणाले, "आणि विचारलं असेल, घरात कर्ता कोण? ही म्हणाली असेल, मी. मुकाट्याने लिहून गेला बघ." या बाईबद्दल त्यांनी मनमिळाऊ, परोपकारी वगैरे काहीही लिहिलं नाही. आहे तेवढंच लिहिलं. अख्ख्या ग्रंथातलं तेच एक पान मला वाचता आलं.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला, रविवारी दुपारी, अंगणातल्या मांडवात केक कापायच्या आधी अध्यक्षांचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. परिशिष्ट त्याच दिवशी छापायला जाणार होतं. मामांनी नातीला मांडीवर घेतलं आणि आयपॅड केकच्या खोक्याला टेकवून ठेवला. आम्ही सगळे भोवती. अध्यक्ष प्रसन्न होते. सहा पिढ्या उत्तम जमल्यात म्हणाले, सागरी व्यापाराचं विशेष कौतुक केलं. "फक्त सातव्या पिढीत वडिलांचा रकाना चुकून कोरा राहिलाय. तेवढं नाव सांगा, मी इथेच भरतो, की नातीचं नाव छापलं म्हणून समजा."

 नात मामांचा चष्मा ओढत होती. दीड वर्ष मी या माणसाची टर उडवली होती, मफलरची, घोडेवाल्याची, टाळूवरच्या टोच्यांची. आता त्यांच्याकडे बघवेना. एका कोळ्याचं नाव, दोन शब्द, आणि जे हवं होतं ते मिळत होतं. ते नाव त्यांना पाठ होतं. मलाही होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. माझी बायको त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"अहो, बोला ना," अध्यक्ष म्हणाले. "काहीतरी असेलच की नाव. पोराला बाप असतोच!"

"असेल हो!" मामा एवढ्या मोठ्यांदा ओरडले की बार्बेक्यूपाशी उभा असलेला ॲलन चिमटा घेऊन धावत आला. "पण जिने भर चर्चमध्ये तीन-तीनदा विचारून सांगितलं नाही, ती तुम्हाला पुण्यात काय सांगणार?"