मांडवात शिरलेली बोट

चहा जरा खाली ठेवा आणि मग ऐका, नाहीतर ठसका लागंल! आमच्या अख्ख्या मुलखात बोटीचं इंजिन खोलून जोडणारा पहिला माणूस मी. आणि बोट जमिनीवर चालवणारा पण पहिला मीच!

हसू नका. मी काय साधासुधा मिस्त्री नव्हतो. मुरुमच्या बाजारात कुणालाही विचारा. विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं की लोक म्हणायचे, "बाबू मिस्त्रीला बोलवा." मी नुसता कान लावायचो आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचो. गर्व होता मला. का नसावा?

पण बहात्तरच्या दुष्काळानं विहिरी आटवल्या, आणि त्यानंतरही पाऊस मनात आलं तर यायचा, नाहीतर तोंड फिरवायचा. विहिरीत पाणीच नाही तर इंजिन चालणार कशाला? आणि चालणारच नाही तर बिघडणार कसं? मी आपला पान्हा घेऊन लिंबाखाली बसलेला.

त्यात मामाची कमल मला द्यायची, हे आम्ही लहान असतानाच ठरलेलं. आता मामा म्हणायला लागले, "बाबू, पोरगी तुलाच देनार. पर इंजनावर आता पोट भरत न्हाई. कायमची नोकरी दाव, मंग अक्षता टाकू." कमलला दुसरी स्थळं यायला लागली होती. माझी झोप उडाली हो!

नोकरी कुठली? तर दुष्काळी कामावर खडी फोडून फोडून आमच्या लोकांनी गावाजवळ एक तलाव बांधला होता. त्यात पाणी साठलं, मासे सोडले, आणि लगेच मच्छीमार सोसायटी निघाली. त्या काळात आमच्याकडं दोन माणसं चहाला बसली की उठताना सोसायटी काढूनच उठायची! चेअरमन होते अण्णा. त्यांनी कोकणातनं एक जुनी बोट आणली, मागं इंजिन लावलेली.

त्या इंजिनाला होतं जेट. म्हणजे बाहेर पंखा नाही. खालच्या जाळीतनं पाणी आत ओढायचं आणि तोंडातनं जोरात फेकायचं. उथळ पाण्याला लई चांगलं म्हणे. पण आमच्या तलावात पाण्यापेक्षा शेवाळ जास्त! इंजिन सुरू केलं की जाळी गच्च, आणि बोट जागच्या जागी. बोट घेऊन आलेला कोकणातला माणूस म्हणाला, "जेट काढून पंखा बसवायला हवा." पंख्याचा सगळा खालचा भाग त्यानं पाठवूनही दिला. "मी येऊन बसवून देतो," असा निरोपही धाडला. पण मी बरा येऊ देतोय!

"अण्णा, कशाला त्याला तरास? म्या हाय की."

"बाबू, तुला जमंल का? हे बोटीचं इंजन हाय."

"बोटीचं काय, इमानाचं आना! इंजनाची जात सगळी एकच."

"बघ बाबा. जिल्ह्याचे मच्छी खात्याचे साहेब येनार हायेत बोट बघायला. चालली तर सोसायटीचा कायमचा मिस्त्री तू."

झालं! मी कामाला लागलो. बोल्ट सोडले, जेट उतरवलं, आतल्या दांड्याला दांडा जुळवला, पंख्याचा पाय वर चढवला, ग्रीस भरलं. जेट उंचावर बसतं, पंखा मात्र पाण्यात खोल जायला पाहिजे, म्हणून बोटीच्या मागच्या फळीवरचा लाकडी ठोकळा कापून इंजिन खाली घेतलं. हे सगळं मी बिनचूक केलं बरं का! कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी गिअरची कडी जोडली आणि तलावाच्या काठावर जनावरांचा हौद होता, त्याच्या कट्ट्यावर इंजिन अडकवून बघायचं ठरवलं.

मामा आले होते. जावयाची करामत बघायला हौदाच्या पलीकडं, म्हणजे इंजिनाच्या मागच्या अंगाला, बरोबर पंख्यासमोर उभे. मी दोरी ओढली, पुढचा गिअर टाकला, आणि हौदातलं पाणी उसळून मामांच्या पटक्यापासून धोतरापर्यंत!

"आरं ए! बंद कर!" मामा ओरडले. "म्होरचा गिअर टाकलास न्हवं?"

"व्हय मामा."

"मंग पानी मागं का फेकतंय? विहिरीवर इंजन लावलं तर पानी म्होरं रानात जातंय, का मागं विहिरीत?"

मी विचार केला. जन्म गेला आमचा पाणी पुढं ढकलण्यात. जिकडं जायचं तिकडं पाणी फेकायचं, हाच आमचा शिरस्ता. पुढचा गिअर आणि पाणी मागं? छे!

"मामा, बरोबर धरलं तुमी!" मी म्हणालो, आणि गिअरची कडी काढून पलीकडच्या भोकात उलटी बसवली. आता पुढचा गिअर टाकला की पाणी पुढं. मामा खुश! पटका पिळत म्हणाले, "पोरगं हुशार हाय."

आता तुम्ही म्हणाल, जेटचं तोंड मागं होतं, ते बघून तरी कळावं! वल्हं मारणारा पाणी मागं ढकलतो, एवढं तरी कळावं! अहो, वल्हं बघितलं होतं कुणी? आम्ही पोहलो ते विहिरीत. आणि विहिरीत पुढं जायला जागा असते कुठं?

उजाडला दिवस. काठाला मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्या. मधल्या खुर्चीत साहेब, गळ्यात हार. पूजेसाठी बोटीचं नाक काठाला टेकवलेलं. बायकांनी बोटीला ओवाळलं, त्यात कमल पण होती. बोटीत मी, अण्णा, आणि हट्टानं चढलेले मामा. नारळ फुटला. साहेबांनी रुमाल हलवला. बोट आधी मागं घ्यायची आणि मग वळवायची, म्हणून मी कमलकडं बघत ऐटीत मागचा गिअर टाकला.

बोट सुटली ती सरळ काठावर! चिखलावर चढली आणि अर्धी मांडवात!

"मागं घे! मागं घे!" अण्णा ओरडले.

"मागंच घेतोय अण्णा!" आणि मी आणखी जोर दिला.

मांडवाचा बांबू गेला, कापड खाली आलं, साहेब कापडाखाली गडप. बायका पळाल्या. लाउडस्पीकर कुईकुई करायला लागला.

"बाबू, म्होरचा टाक, म्होरचा!" मामांनी बंडी धरून मला हलवलं.

"पुढं साहेब हायेत मामा!"

शेवटी मामांनीच गिअरचा दांडा ढकलला. पुढचा गिअर पडला आणि बोट चिखलातनं सुटून मागं, थेट तलावात! आणि निघाली की तशीच, पार्श्वभाग पुढं करून.

"आता सरळ कर," अण्णा दातओठ खात म्हणाले. पण मागच्या गिअरला हात लावायची माझी छाती होईना. पुन्हा मांडवात शिरली तर? मागची फळी बुटकी, लाटा थेट आमच्या अंगावर. तसेच भिजत, गावाकडं तोंड करून आम्ही अख्ख्या तलावाला फेरी मारली. गाव टाळ्या वाजवतंय, आणि मी हात हलवतोय. दुसरं काय करणार?

काठाला लागलो. साहेब कापडातनं बाहेर आले होते, टोपी एका कानावर. अण्णांचा चेहरा लाल. मी मनात म्हणालो, गेली नोकरी, आणि गेली कमल.

तेवढ्यात मामा उभे राहिले, धोतरातनं पाणी गळतंय. म्हणाले, "साहेब, रागावू नगा. पैली ही बोट जागची हालत न्हवती. आज सगळा तलाव फिरून आली. उलटी गेली, पर गेली का न्हाई?"

साहेबांनी मामांकडं बघितलं, मांडवाकडं बघितलं आणि जे हसायला लागले, ते थांबेनात. मग अण्णा हसले, मग गाव. अण्णा म्हणाले, "नोकरी पक्की. पर आदी काय उलटं बसवलंस ते सुलटं कर." मी तिथंच कडी बदलली. मामा कानात हळूच म्हणाले, "हौदाचं कुनाला सांगू नगंस. पोरगी दिली!"

आणि लग्न झालं हो! वाजतगाजत. फेऱ्यांची वेळ आली. माझ्या उपरण्याला कमलच्या शालूची गाठ मारली. भटजी म्हणाले, "नवरदेव, पुढं व्हा." सगळं गाव बघतंय, त्यात साहेब पण आलेले. मी गडबडलो, माझा पाय काही उचलेना. तेवढ्यात मागनं आवाज आला, "भटजी, मागं व्हा म्हणा! तवा म्होरं जातील!"

मांडव हसून पडायची वेळ. कोण बोललं म्हणून मी रागानं मागं वळून बघितलं. माझ्या मागं एकच माणूस होतं, गाठीनं बांधलेलं!